आमच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी भागातले बंगाली लोक सुकी मासळी फार खातात. बाहेरून आलेल्या या लोकांना पोटाचा कॅन्सर जास्त होतो का?

आधी शुटकीवरचा, म्हणजे सुक्या मासळीवरचा आळ थोडा बाजूला ठेवू. बंगाली घरांतली बरीचशी शुटकी नुसती उन्हात वाळवलेली असते; नोना इलिश, म्हणजे खारा हिल्सा मासा, मात्र मिठात मुरवलेला. जठराच्या कॅन्सरशी नातं दिसतं ते खारवण्याचं. आणि खारट आपल्याकडे काय कमी आहे? लोणचं, पापड, आठवडी बाजारातले खारे बोंबील. माझं याच भागात औषधांचं दुकान आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या मराठी आणि बंगाली गिऱ्हाईक सारख्याच नेतात.

स्थलांतराचा प्रश्न मात्र तुम्ही मोक्याचा विचारलात. जपानमध्ये हा कॅन्सर पूर्वीपासून फार. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा अभ्यास हेन्झेल आणि कुरिहारा या संशोधकांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. जे स्वतः जहाजाने गेले त्यांच्यात जठराचा कॅन्सर बराचसा जपानसारखाच राहिला, पण तिथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो कमी झाला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर मात्र गेलेल्या पिढीतच वाढला. रक्त तेच, गाव बदललं, आजार बदलला. म्हणजे जातीला किंवा समाजाला दोष देऊन काही हाती लागत नाही.

मग गेलेल्या पिढीचा धोका का टिकला? एक मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात पोटात शिरतो आणि उपचार केला नाही तर वर्षानुवर्षं तिथेच राहतो. त्याने जठराचं अस्तर सुजतं, त्यात खारट खाणं आणि बिडी-सिगारेट यांची भर पडते. ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी तर १९८४ मध्ये हा जंतू स्वतःच पिऊन पाहिला आणि पोट बिघडवून घेतलं! हा जंतू आणि अल्सरमधला त्याचा हात शोधल्याबद्दल रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. तरी आपल्याकडे अल्सरचं खापर अजून सावजी रश्श्यावरच फुटतं.

पण नुसता जंतू असला म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही. भारतात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांत तो सापडतो, तरी हा कॅन्सर जपानपेक्षा कितीतरी कमी. आपल्याच देशात मिझोरममध्ये तो खूप आहे. तिथे धुरावर वाळवलेलं मांस आणि तंबाखू या दोन्हींकडे संशोधक बोट दाखवतात.

तुमच्या शेजाऱ्यांची दुसरी-तिसरी पिढी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. त्यांच्या पोटाची काळजी आपल्या पोटाइतकीच करा. खारी मासळी धुऊन, भिजवून मीठ काढा आणि रोज खाऊ नका. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. खर्रा, म्हणजे ती सुपारी-तंबाखूची पुडी, सोडा; तो तोंडाचा कॅन्सर करतोच, गडचिरोलीत हे कोणाला नव्याने सांगायला नको.

खरी चिंता मला वेगळीच वाटते. 'गॅस झाला' म्हणत लोक महिनोन् महिने गोळ्या खातात. त्या गोळ्यांनी त्रास दबतो, आजार दबतो असं नाही. वजन उतरत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, घास अडकत असेल, वारंवार उलटी होत असेल किंवा शौच डांबरासारखी काळी होत असेल, तर दुकानदाराला विचारू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांनीही शौच काळी होते.