तीन स्लॉट आणि एक तास

प्रश्न : मावशी, मी नववीत आहे आणि रोब्लॉक्सवरचा 'ग्रो अ गार्डन' हा बागेचा ऑनलाइन खेळ खेळते. रोज एकच तास मिळतो, तोही वह्या दाखवल्यावर. बागेत गाजरं, भरपूर स्ट्रॉबेरी, थोडा बांबू आणि एक आंबा आहे. पेट, म्हणजे बागेत काम करणारे पाळीव प्राणी, ठेवायला तीनच स्लॉट (जागा) आहेत आणि त्यांत गोल्डन लॅब हा कुत्रा, बनी हा ससा आणि कोंबडी आहेत. ४ कोटी शेकल्स (खेळातले पैसे) साठलेत. वर्गातले सगळे म्हणतात, अजून १ कोटी जमव आणि बग एग हे अंडं घे, त्यातून निघणाऱ्या ड्रॅगनफ्लाय या पेटशिवाय बागेला अर्थ नाही. थांबू का?

उत्तर : थांबू नकोस. वर्गातल्यांनी तुला बक्षीस सांगितलं, तिकिटाचा हिशोब सांगितला नाही. मी पंचवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे तो भाग माझा.

बग एग ५ कोटींचं. त्यातून गोगलगाय निघण्याची शक्यता ४० टक्के, ड्रॅगनफ्लायची १ टक्का. 'म्हणजे शंभर अंड्यांत एक नक्की' असं माझे विद्यार्थीही म्हणायचे. नाही गं. शंभर-शंभर अंडी फोडणारे शंभर जण घेतले, तर त्यातल्या साधारण सदतीस जणांच्या हाती एकही ड्रॅगनफ्लाय लागणार नाही. आणि शंभर अंडी म्हणजे ५०० कोटी शेकल्स. तुझ्याकडे ४ आहेत.

समज, नशीब फळफळलं आणि पहिल्याच अंड्यातून तो निघाला. तो दर ५ मिनिटांनी बागेतलं कुठलंही एक फळ सोन्याचं करतो आणि त्याची किंमत २० पट होते. तुझ्या तासाभरात बारा फळं. पण कुठली? निवड त्याची, तुझी नव्हे. तुझ्या बागेत स्ट्रॉबेरीच जास्त, त्यामुळे बारापैकी बहुतेक स्ट्रॉबेरीच. दहा शेकल्सच्या बियांचं गाजर सोन्याचं झालं तरी काढलं की रोप संपलं. म्हणजे आधी बाग बदलायची, पेट नंतर.

बाग बदलायची म्हणजे गाजर आणि बांबू कमी करायचे, कारण दोन्ही एकदाच काढता येतात. आंब्याचं बी १ लाखाचं आहे, पण झाड एकदा लागलं की फळं येत राहतात. दुकानात आंबा दिसला की घेत जा. सगळं एका दिवसात होणार नाही. दर ५ मिनिटांनी बियांचा साठा बदलतो आणि आंबा काही प्रत्येक वेळी येत नाही. त्यासाठी ४० लाख बाजूला ठेव.

उरलेल्या ३ कोटी ६० लाखांत ३० लाखांची लेजंडरी एग बारा येतील. बहुतेकांतून गाय किंवा सिल्व्हर मंकी निघेल, दोघांची मिळून शक्यता ८५ टक्के. हिरमुसू नकोस. गाय जवळच्या रोपांची वाढ थोडी वेगाने करते. ती बागेत हिंडत असते, म्हणून झाडं विखरून न लावता दाटीने लाव. सिल्व्हर मंकी विकलेलं फळ कधीकधी परत देतो. बारा अंड्यांत एखादा पोलर बेअर निघण्याची शक्यता चारात एकाहून जरा कमी. निघाला तर ठेव : दर दीड मिनिटाला १० टक्के शक्यतेने तो जवळचं फळ गारठवतो किंवा गोठवतो. तासाभरात साधारण चार फळं. गोठलेल्याची किंमत १० पट.

आता तुझ्या तिघांकडे वळते. गोल्डन लॅब ठेव. दर मिनिटाला १० टक्के शक्यतेने तो एक बी उकरून काढतो, म्हणजे तासात साधारण सहा बिया. बहुतेक साध्या, पण फुकटच्या. बनीला निरोप दे. तो गाजरं खाऊन दीडपट पैसे देतो, म्हणजे त्याच्यासाठी गाजरं लावत बसायचं; नोकर ठेवायचा आणि त्याला आपणच वाढायचं. कोंबडीचं मात्र लोक चुकतात. ती अंडी लवकर उबवते, हे खरं. पण लेजंडरी अंड्याला ४ तास लागतात आणि तू बागेत एकच तास असतेस. खेळ बंद असतानाही अंडं उबत असतं. तू झोपेत असताना ते तयार होऊन बसतंय, मग कोंबडीने वाचवलेली मिनिटं कोणाच्या उपयोगाची? दिवसभर ठाण मांडून अंडी फोडणाऱ्यांसाठी ती आणि तिचा मोठा भाऊ कोंबडा सोन्याचे. तुझ्यासाठी गाय बरी.

पेटना खायला घालायला विसरू नकोस. पोट भरलेलं असेल तर वय वाढतं आणि वयाबरोबर काम सुधारतं. मात्र हातात काय आहे ते बघून घाल. मी एकदा घाईत सोनेरी आंबा कुत्र्याला दिला. त्याला गाजरही चाललं असतं. विकतानाही तेच : 'सगळं विका' दाबण्याआधी जपायच्या फळांवर फेव्हरिटची खूण कर.

हे आकडे मूळ अंड्यांचे आहेत. अपडेटमध्ये ते हलतात, म्हणून अंडं घेण्याआधी शक्यता आणि पेटचं कार्ड वाच.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाच्या बागेत दुसऱ्या खेळाडूचा रकून हा पेट येऊन गेला. भाऊ रडतोय की फळ चोरलं. मी काय सांगू? — मोठा दादा

उत्तर : फळ मोजायला सांग. रकून दुसऱ्याच्या पिकाची नक्कल करून मालकाकडे नेतो, मूळ फळ जागच्या जागी असतं. उलट रकूनवाले चांगल्या बागा शोधतच फिरतात. भावाची बाग चांगली आहे, एवढंच सांग.

प्रश्न : मुलाला कोणीतरी ड्रॅगनफ्लाय खऱ्या पैशांत विकतोय. आधी पैसे, मग पेट. मुलगा जेवायला बसत नाही. द्यावेत का?

उत्तर : नाही. खेळातल्या वस्तू अशा बाहेरच्या बाहेर विकणं रोब्लॉक्सच्या नियमांत बसत नाही. पैसे घेऊन माणूस गायब झाला तर दाद कुठे मागणार? आणि 'पेट टाकायला पासवर्ड दे' असं तो म्हणाला असेल, तर आजच पासवर्ड बदला. मुलावर रागावू नका. जून २०२५ मध्ये एका वेळी २ कोटींहून जास्त लोक हा खेळ खेळत होते, तेव्हा सोनेरी फळांचा मोह त्याला एकट्यालाच नाही. त्याला वरचं पहिलं उत्तर वाचायला द्या, विशेषतः स्ट्रॉबेरीचा भाग. आणि त्याच्या बागेत काय लावलंय, ते मला कळवा.