पुण्यात कॉम्प्युटर की सोलापुरात स्टॅटिस्टिक्स?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सोलापूरकडची, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीला, ८८ पर्सेंटाइल, प्रवर्ग ओबीसी, वडिलांचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. घरचे म्हणतात, पुण्यात कुठंही मिळो पण कॉम्प्युटर घे, कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, नाही लागलं तर मॅनेजमेंटची सीट बघू. तुला गणित आवडतं, कोडिंगचा क्लास अर्ध्यात सोडलास, मनात बीएस्सी स्टॅटिस्टिक्स, म्हणजे संख्याशास्त्र, आहे. पण 'बीएस्सी करून करणार काय' हे ऐकून कान किटलेत.

आधी मॅनेजमेंट सीटचं बोलतो, कारण तिथं घरचा पैसा जातो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ते कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यात गेलीस की माफी गेली, वर पुण्याचं हॉस्टेल आणि मेस. वडिलांना हे कागदावर मांडून दाखव, निम्मा वाद तिथंच मिटेल. पुण्याचं म्हणशील, तर सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघणं हीच आपल्याकडे एक पदवी समजतात, त्याला माझ्याकडे औषध नाही.

शिवाय कॅपमध्ये बहुतेक कॉलेजांत ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या मुलांना असतात, आणि बारावी जिथून झाली त्यावर तुझं गृह विद्यापीठ ठरतं. म्हणजे सोलापूर-पंढरपूरच्या कॉलेजांत तुझं पारडं जड, पुण्यात उरलेल्या ३० टक्क्यांत राज्यभरच्या मुलांशी गाठ. ८८ पर्सेंटाइल म्हणजे ८८ टक्के नव्हेत, हेही घरी सांग. तुझ्याहून वर सुमारे बारा टक्के मुलं आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरा प्रश्न. मी बारावीच्या मुलांना गणित शिकवतो, आणि दरवर्षी बघतो की मुलं शाखेच्या नावावर भाळतात किंवा बिचकतात. पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम बघून तर काहीच कळत नाही, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष जवळपास सगळ्या शाखांना सारखंच. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका काढ. कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, थिअरी ऑफ कम्प्युटेशन दिसेल. स्टॅटिस्टिक्सला संभाव्यता वितरणं, नमुना निवड, अनुमान, रिग्रेशन. प्रश्न सुटणार नाहीत, सुटायला नकोतही. कोणता प्रश्न वाचून 'हे कसं काढत असतील' असं वाटतं, ते बघ.

आणि स्टॅटिस्टिक्स घेतलं म्हणजे कोडिंग सुटलं, या भ्रमात राहू नकोस. तिथं आर किंवा पायथॉन यांसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा लागतेच. तुला कोडिंग आवडत नाही की क्लासमध्ये फळ्यावरचा प्रोग्रॅम उतरवून घेणं आवडलं नाही, हे मला तुझ्या पोस्टवरून कळेना. एक करून बघ: पायथॉनमध्ये दोन फासे दहा हजार वेळा टाकायचा प्रोग्रॅम लिही आणि बेरीज सात किती वेळा येते ते मोज. उत्तर एक षष्ठांशाजवळ कसं येत जातं, दोनशे वेळा टाकले तर किती डगमगतं, यात रमलीस तर तू स्टॅटिस्टिक्सची. प्रोग्रॅम आणखी वेगानं कसा पळवता येईल, यात रात्र गेली तर निमूट कॉम्प्युटर घे. दोन्हीचा कंटाळा आला तर तेही कळलेलं बरं, मग तिसरं काहीतरी बोलू.

'करणार काय' याचं उत्तर मात्र गोड बोलून देणार नाही. नुसत्या बीएस्सीवर चांगली नोकरी लागणं अवघड. हा रस्ता एमएस्सीपर्यंतचा आहे, म्हणजे पाच वर्षांचा. त्या तयारीनं उतरलीस तर दारं बरीच आहेत. आयआयटीत एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ मध्ये काढलेली कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्वतःची प्रवेश परीक्षा घेते. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची वेगळी परीक्षा घेते, आणि पदवीला हा विषय असला की तिला बसता येतं. विमा क्षेत्रात जोखमीचं गणित मांडणारे ॲक्च्युअरी आहेत, पण त्या परीक्षा चिवट, वर्षानुवर्षं चालतात. आणि काम काय असतं म्हणशील, तर सोलापूरजवळ केगावला डाळिंब संशोधन केंद्र आहे ना, तसल्या ठिकाणी कोणत्या झाडांना कोणती मात्रा द्यायची याची आखणी, आणि आलेला फरक खरा की योगायोगाचा हे ठरवणं, हे सगळं याच विषयातलं.

माझं मत विचारशील तर दोन्ही दारं उघडी ठेव. बीएस्सीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात आणि कॅप संपायच्या आधी उरकतात, तेव्हा तिथं प्रवेश घेऊन ठेव. प्रवेश रद्द केला तर फी किती परत मिळते आणि मूळ कागद कधी मिळतात, हे आधी विचार. कॅपच्या फॉर्ममध्ये फक्त तीच नावं लिही जिथं खरंच जायची तयारी आहे. पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत बदल नाही. चार शेजाऱ्यांना दाखवायला म्हणून काही वर टाकू नकोस.

जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेयरचा दाखला आहे ना हातात? पोस्टमध्ये उल्लेख नाही. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून उद्या सकाळी त्याच्याच मागे लाग, यादीत नाव असूनही या कागदांवाचून अडकलेल्या मुली मी पाहिल्यात. फाशांचं काय झालं ते इथंच लिही.