डिस्चार्ज कार्डावरचा ‘ओ’ आधी शोधा

वाचकांचे प्रश्न : पाळी गेल्यानंतरचे हार्मोन उपचार

प्रश्न : वय ४३. गाठींमुळे चार महिन्यांपूर्वी पिशवी काढली. आठवड्याभरातच अंगातून वाफा निघायला लागल्या. रात्री घामाने कपडे भिजतात, झोप तुटते, सांधे धरतात. ऑपरेशनच्या वेळी ‘सगळंच काढलंय’ एवढंच सांगितलं. आता डॉक्टर हार्मोन सुरू करू म्हणतात, बहीण म्हणते कॅन्सर होईल. कुणाचं ऐकू?

उत्तर : ‘सगळंच’ म्हणजे नक्की काय, ते आधी पाहू. डिस्चार्ज कार्ड काढा आणि ऑपरेशनचं नाव वाचा. ‘टीएएच’ म्हणजे पोटावर छेद घेऊन आणि ‘टीएलएच’ म्हणजे दुर्बिणीतून, पिशवी तिच्या तोंडासकट काढली. त्यापुढे ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही अंडाशयही गेले. नुसतं ‘बीएस’ असेल तर नळ्या गेल्या, अंडाशय जागेवर आहेत. फरक एका ‘ओ’चा, पण पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. कार्डावर घाईघाईत काहीतरी खरडलेलं असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागा. तपासणीला गेलेल्या प्रत्येक अवयवाचं माप आणि वर्णन त्यात असतं.

वाफा आठवडाभरात सुरू झाल्या, यावरून तुमच्या कार्डावर तो ‘ओ’ असण्याची शक्यता मोठी आहे. पाळी आपोआप जाते तेव्हा अंडाशयात बनणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन वर-खाली होत काही वर्षांत उतरतं. अंडाशय काढल्यावर ते एक-दोन दिवसांतच तळाला जातं, शरीराला सवय करून घ्यायला वेळच मिळत नाही. त्रास एवढा तीव्र असतो तो त्यामुळे.

वयाच्या ४५च्या आत दोन्ही अंडाशय गेले असतील तर हार्मोनकडे ‘वाफांवरचं औषध’ म्हणून पाहू नका. थायरॉइड ग्रंथी काढल्यावर थायरॉक्सिन देतात, तसंच हे आहे. शरीराला अजून काही वर्षं जे मिळायला हवं होतं, ते बाहेरून द्यायचं. न दिल्यास हाडं लवकर विरळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून एरवी पाळी ज्या वयात गेली असती तिथपर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशी-एक्कावन्नपर्यंत, इस्ट्रोजेन घ्यावं असाच सल्ला असतो. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल किंवा तशीच ठोस अडचण असेल तर गोष्ट वेगळी. तरुण वयात डोसही जरा जास्त लागतो. पन्नाशीतल्या बाईला ५० मायक्रोग्रॅमचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) पुरतो, तिथे तुम्हाला ७५ ते १०० लागू शकतो. गोळी असेल तर २ मिलिग्रॅम. महिन्याभरात ‘फरकच नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्यांपैकी बऱ्याचजणींचा डोसच कमी पडलेला असतो. पूर्ण परिणाम दिसायला तीन महिने धरा.

बहिणीच्या भीतीचं मूळ २००२ सालात आहे. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासाचा एक भाग तेव्हा मध्येच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं हार्मोन) एकत्र घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त आढळले होते. बातमी जगभर पोचली, तपशील मागेच राहिला. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि सगळ्यांना पिशवी होती. पिशवी काढलेल्या १०,७३९ जणींचा गट वेगळा होता, त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो भाग २००४मध्ये थांबवला, पण पक्षाघाताचं प्रमाण वाढल्यामुळे. स्तनाचा कॅन्सर त्यांच्यात वाढला नाही, पुढच्या पाहणीत तर तो कमीच निघाला. पिशवी नसलेल्या ४३ वर्षांच्या बाईला ‘एकत्र हार्मोन’ घेणाऱ्या ६३च्या बाईचा आकडा लावणं चूक आहे.

प्रश्न : वय ४८. पिशवी काढली, अंडाशय ठेवले आहेत. पाळीच येत नाही, मग मेनोपॉज आला हे कळणार कसं?

उत्तर : लक्षणांवरून. वाफा, रात्रीचा घाम, तुटक झोप, योनीतला कोरडेपणा, विनाकारण चिडचिड. पंचेचाळिशीनंतर हे चित्र स्पष्ट असेल तर रक्ताच्या तपासणीवाचून भागतं. वय कमी असेल किंवा खात्री होत नसेल तर एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) ही रक्ताची तपासणी करतात, तेही चार-सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. या वयात तो आकडा आज वर आणि पुढच्या महिन्यात खाली असा नाचतो. एका रिपोर्टवर शिक्का मारू नये. पिशवी काढल्यावर अंडाशय थोडे लवकर थकू शकतात, तेव्हा ‘अंडाशय आहेत, मला आत्ताच कसं होईल’ असं म्हणून त्रास अंगावर काढू नका.

प्रश्न : वय ५२, पिशवी आहे. मैत्रीण नुसतं इस्ट्रोजेनचं जेल लावते. मला मात्र सोबत प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली आहे. ती घेतली की गुंगी येते. सोडली तर चालेल का?

उत्तर : नाही. मैत्रिणीची पिशवी काढलेली असणार. इस्ट्रोजेन पिशवीच्या अस्तराला वाढवतं; आवर घालणारं कुणी नसेल तर ते जाड होत जातं आणि काहीजणींत कॅन्सरपर्यंत जातं. नुसत्या इस्ट्रोजेनचा हा दोष १९७५च्या सुमारास उघड झाला, आणि त्यानंतर पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टोजेन देण्याचा नियमच झाला.

गुंगीवर उपाय वेळेचा आहे. कॅप्सूल सकाळी घेत असाल तर झोपताना घ्या; झोप येणं हा तिचा गुण रात्री उपयोगीच पडतो. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनचा नेहमीचा डोस रोज रात्री १०० मिलिग्रॅम. पाळी जाऊन अजून वर्ष झालं नसेल तर महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम देतात, आणि त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव होतो. गोळीच नको असेल तर लिव्होनॉरजेस्ट्रेल हार्मोनची, ५२ मिलिग्रॅमची टी पिशवीत बसवता येते. ती पाच वर्षं अस्तर सांभाळते. साध्या कॉपर-टीला हे काम येत नाही, एवढं बसवण्यापूर्वी विचारून घ्या.

रोजच्या प्रोजेस्टेरॉनवर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडतात, घाबरू नका. त्यानंतरही पडत राहिले, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहायलाच हवी.

पिशवी काढलेल्या दोन प्रकारच्या बायकांनाही प्रोजेस्टोजेन लागू शकतं. पिशवीचं तोंड मागे ठेवलं असेल तर तिथे अस्तराचा तुकडा उरलेला असू शकतो. आणि एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) खूप पसरलेला असेल तर पोटात राहिलेले त्याचे डाग इस्ट्रोजेनवर पुन्हा जागे होतात. कार्ड वाचताना हेही बघा.

प्रश्न : गोळी, पॅच की जेल? मला थायरॉइडची गोळी चालू आहे, वजनही जास्त आहे.

उत्तर : तुमच्यासाठी त्वचेवाटे, म्हणजे पॅच किंवा जेल. गिळलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारी प्रथिनं वाढवतं. वजन जास्त असेल, पूर्वी पायात गुठळी झाली असेल, अर्धशिशी किंवा रक्तदाब असेल, तर हा फेरा टाळलेला बरा. नेहमीच्या डोसमध्ये त्वचेवाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढल्याचं दिसत नाही.

थायरॉइडचं कारण फारसं कुणी सांगत नाही. इस्ट्रोजेनच्या गोळीमुळे यकृत थायरॉक्सिनला बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं. मोकळं थायरॉक्सिन कमी पडतं, टीएसएच (थायरॉइड कमी पडल्याचं दाखवणारा रक्तातला आकडा) चढतो, थकवा आणि केसगळती सुरू होते, आणि दोष मात्र मेनोपॉजला जातो. गोळीच घ्यायची झाली तर दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा. पॅच-जेलने ही भानगड होत नाही.

पॅच कमरेखाली, ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावतात; स्तनावर किंवा जवळपास कधीच नाही. आदल्या रात्रीचं तेल किंवा लोशन त्वचेवर राहिलं तर तो उचकटतो. कोरड्या त्वचेवर ठेवून तळव्याने १० सेकंद दाबून धरा, कडा नीट फिरवून. बहुतेक पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात. दोन वार ठरवा आणि दर वेळी जागा बदला. मध्येच पडला तर नवा लावा, पण बदलायचा वार तोच ठेवा. मागे राहिलेला चिकट काळा चौकोन साबणाने जात नाही, तेलाने जातो.

जेलच्या नेहमीच्या पंपात एका दाबात पाऊण मिलिग्रॅम इस्ट्राडिऑल (इस्ट्रोजेनचाच प्रकार) येतं. सुरुवात एक-दोन दाबांनी. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरा. चोळून जिरवायचं नाही, आपोआप वाळू द्या, पाचेक मिनिटं लागतात. नंतर हात धुवा. तासभर तो भाग धुऊ नका, त्यावर क्रीम लावू नका आणि लहान मुलाला त्या हातावर घेऊ नका, कारण औषध त्याच्या त्वचेला लागतं. नवा पंप सुरू करताना पहिले काही दाब हवा काढण्यात जातात. ते डोसात धरले की ‘नव्या बाटलीचा गुण येत नाही’ अशी तक्रार होते.

प्रश्न : वय ६६. खाली कोरडेपणा, जळजळ, आणि वर्षात तीनदा लघवीचा जंतुसंसर्ग. ‘आता हार्मोनचं वय गेलं’ असं सांगितलं गेलं.

उत्तर : पोटात घ्यायचं किंवा पॅचचं हार्मोन साठीनंतर, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं उलटल्यावर, सहसा नव्याने सुरू करत नाहीत, तेवढं बरोबर. पण तुम्हाला हवं आहे ते योनीत ठेवायचं औषध, आणि त्याला ही वयाची अट नाही. १० मायक्रोग्रॅमची छोटी गोळी दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. पहिल्या वर्षाची बेरीज केली तर जेमतेम १.१४ मिलिग्रॅम भरते, म्हणजे पोटात घ्यायच्या १ मिलिग्रॅमच्या एका गोळीहून थोडी जास्त. रक्तात इतकं कमी उतरतं, त्यामुळे पिशवी असली तरी सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. खोक्यातल्या कागदावर मात्र पोटात घ्यायच्या गोळीचेच सगळे इशारे छापलेले असतात. ते वाचून अनेकजणी न उघडताच औषध परत करतात.

क्रीम वापरत असाल तर थोडं बोटाने योनीच्या तोंडाशी आणि मूत्रमार्गाच्या भोवतीही लावा. सगळं खोल गेलं की बाहेरची जळजळ तशीच राहते. दोन महिने तरी द्या. बरं वाटलं म्हणून थांबवलं तर कोरडेपणा परततो, तेव्हा आठवड्यातून दोनदाचा नेम पुढेही ठेवा. आणि या वयात रक्ताचा एक डाग दिसला तरी ‘कोरडेपणामुळे असेल’ म्हणू नका. तपासणी आधी.

प्रश्न : स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झाले, टॅमॉक्सिफेन चालू आहे. वाफांनी हैराण. ‘नैसर्गिक’ हार्मोनच्या पेलेट चालतील का?

उत्तर : नाही. नैसर्गिक म्हटलं तरी ते इस्ट्रोजेनच. शिवाय त्वचेखाली घातलेल्या पेलेटचा डोस नंतर कमी करता येत नाही. वनस्पतींमधून काढलेल्या इस्ट्रोजेनसारख्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नका. हार्मोनशिवायचे उपाय आहेत : व्हेन्लाफॅक्सिन कमी डोसमध्ये, रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन, आणि वाफांसाठी वर्तनोपचार. पॅरॉक्सेटिन हे औषध वाफांवर चांगलं आहे, पण तुम्हाला नको. ते टॅमॉक्सिफेनला शरीरात कामाला लावणारं एन्झाइमच अडवतं. फ्लुओक्सेटिनचंही तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी झोपेसाठी किंवा मनासाठी यांपैकी काही आधीच दिलं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा.

प्रश्न : वय ५६, चार वर्षं पॅचवर आहे. कधी थांबवू? एकदम की हळूहळू?

उत्तर : तारीख ठरलेली नाही. वर्षातून एकदा रक्तदाब, वजन, मॅमोग्राफीची वेळ आणि ‘अजून गरज आहे का’ हे पाहायचं. हळूहळू कमी केलं तर सुरुवातीला वाफा कमी परततात. सहा महिन्यांनंतर दोन्हींत फारसा फरक राहत नाही. ५० वरून ३७.५ किंवा २५च्या पॅचवर या, दोन महिने थांबा, मग सोडा. ते दोन महिने ऐन उन्हाळ्यात येऊ देऊ नका, नाहीतर घाम उन्हाचा की औषध कमी केल्याचा, हे तुम्हालाही कळायचं नाही.