हातात नक्की किती पडणार? परदेशात पैसे बदलण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी करन्सीवरचे प्रश्न खूप आलेत, बरेचसे सारखेच आहेत म्हणून एकत्र करून घेतलेत.

प्रश्न: परदेशात एटीएममधून पैसे काढताना स्क्रीनवर विचारलं की रक्कम तुमच्या स्वतःच्या चलनात कापायची का, सोबत रेट पण दाखवला. मला वाटलं बरंय, किती जाणार ते आत्ताच कळतंय, म्हणून हो केलं. नंतर हिशोब केला तर चांगलेच जास्त गेलेले. कार्डात काही गडबड झाली का?

कार्ड ठीक आहे तुमचं, काळजी करू नका. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, लोक नुसतं डीसीसी म्हणतात. होतं काय की, एरवी तुमचे पैसे व्हिसा नाहीतर मास्टरकार्डच्या रेटने बदलले जातात आणि तो रेट बाजारातल्या खऱ्या रेटच्या बराच जवळ असतो, त्यावर तुमची बँक तिची परदेशी व्यवहाराची फी लावते. पण तुम्ही ‘माझ्या चलनात’ म्हणालात की रेट ठरवणार मशीनवाला किंवा दुकानदाराची बँक, आणि त्यात त्यांचा नफा घातलेला असतो, कधी थोडे टक्के तर कधी दहा टक्क्यांच्या आसपास. वर काही बँका परदेशातला व्यवहार म्हणून आपली फी लावतात ती लावतातच, म्हणजे दोन्हीकडून कापलं जातं.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते बटणांच्या भाषेवर. स्क्रीनवर एका बाजूला ‘अ‍ॅक्सेप्ट कन्व्हर्जन’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ असं येतं, आणि डिक्लाइन वाचलं की माणसाला वाटतं आता पैसेच येणार नाहीत, मागे लाइन लागलेली असते, मग घाबरून अ‍ॅक्सेप्ट दाबलं जातं. तर डिक्लाइनच दाबा, बिनधास्त. पैसे येतात, फक्त हिशोब तिथल्या चलनात होतो. काही मशीन एकदा नाही म्हटल्यावर परत एकदा वेगळ्या शब्दांत विचारतात, तिथेही नाहीच.

हॉटेलात, दुकानात कार्ड मशीनवर पण हेच. निवड करायचा हक्क तुमचा आहे, कार्ड कंपन्यांचाच तसा नियम आहे, पण काउंटरवरचा माणूस कधी कधी न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. म्हणून स्लिपवर सही करण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी रक्कम कुठल्या चलनात आहे ते बघा. चुकीची असेल तर शांतपणे सांगा की हे कॅन्सल करून लोकल करन्सीत परत करा. ते नाही म्हणाले तर दुसरं कार्ड किंवा कॅश द्या.

प्रश्न: रस्त्यावरच्या मनी चेंजरकडे बोर्डावर एवढा चांगला रेट आणि खाली ‘नो कमिशन’ लिहिलेलं, तरी रूमवर येऊन मोजलं तर पैसे कमी. मी समोर उभं राहून मोजून घेतले होते! हे झालं कसं?

तुम्ही मोजलेत तेव्हा पूर्णच असणार, गेले ते त्यानंतर. बालीत टुरिस्ट भागातल्या छोट्या काउंटरवर हा प्रकार इतका चालतो की त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी रेट आसपासच्या सगळ्यांपेक्षा वरचढ लावायचा. मग मुद्दाम छोट्या नोटा द्यायच्या, म्हणजे गठ्ठा जाडजूड होतो, इंडोनेशियन रुपियात तसेही शून्य भरपूर, नवख्या माणसाचं डोकं गरगरतं. तुम्ही मोजता, कधी मुद्दामच एखादी नोट कमी ठेवलेली असते, तुम्ही सांगता, तो सॉरी म्हणून गठ्ठा हातात घेतो, तुमच्यासमोर ती एक नोट वरून ठेवतो, टेबलावर आपटून सरळ करतो आणि तेवढ्यात खालच्या पाच सात नोटा काउंटरच्या मागे पडतात. गठ्ठा परत तुमच्या हातात. एकदा मोजलेलं असतं त्यामुळे परत कोण मोजतोय!

म्हणून नियम एकच आणि तो अगदी घट्ट धरा: शेवटचा हात तुमचा. तुम्ही मोजल्यानंतर त्याने गठ्ठ्याला नुसतं बोट जरी लावलं तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायचं, आणि तुमची नोट पूर्ण मोजून होईपर्यंत त्याच्या हातात द्यायची नाही. तो चिडेल, घाई करेल, दुसरा कोणीतरी येऊन गप्पा मारायला लागेल. तसं झालं की आपले पैसे उचलून बाहेर पडा, काही वाईट वाटून घेऊ नका. इंडोनेशियात बँक इंडोनेशियाचं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचं, लायसन्स असलेले चेंजर असतात, त्यांच्याकडे पावती मिळते, सरळ तिथे जा.

आता ‘नो कमिशन’चं. कमिशन नाही म्हणजे फुकट नाही, त्यांची कमाई रेटमध्येच असते. बोर्डावर दोन आकडे असतात, बाय आणि सेल, आणि ते दुकानदाराच्या बाजूने लिहिलेले असतात. तुम्ही परदेशी नोट देताय म्हणजे तो विकत घेतोय, तुम्हाला लागू होणार बायचा आकडा. काही ठिकाणी बोर्डावर मोठ्या अक्षरात सेलचाच आकडा लावतात किंवा चांगला रेट फक्त मोठ्या रकमेलाच, आणि ते बारीक अक्षरात. म्हणून बोर्ड वाचत बसण्यापेक्षा सरळ विचारा, ‘मी ही 100 ची नोट दिली तर सगळं कापून हातात किती?’ तो कॅल्क्युलेटरवर दाखवेल तो आकडा फोनवरच्या त्या दिवसाच्या रेटशी ताडून बघा. फरक थोडा असणारच, तो त्यांचा धंदा आहे, पण दहा पंधरा टक्क्यांचा असेल तर पुढच्या दुकानात.

प्रागमध्ये या त्रासामुळे कायदाच बदलला. चेक रिपब्लिकमध्ये 2019 पासून एक्सचेंज ऑफिसात केलेला व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, साधारण 1000 युरोपर्यंतच्या रकमेला, फक्त पावती जपून ठेवावी लागते. पण हे दुकानांसाठी आहे. रस्त्यात जवळ येऊन ‘चेंज मनी?’ म्हणणाऱ्याशी तुम्ही व्यवहार केलात तर काहीच हातात नाही. तिथे तर चेक कोरुनाच्या नावाखाली दुसऱ्याच देशाच्या, अगदी बेलारूसच्या रद्द झालेल्या जुन्या नोटासुद्धा लोकांना दिल्या गेल्यात. बेलारूसने 2016 मध्ये चलनातले चार शून्य उडवले, त्याआधीच्या नोटेवर आकडा केवढा मोठा असला तरी तिला किंमत नाही. निघण्याआधी दोन मिनिटं काढून तिथल्या नोटा दिसतात कशा ते फोटोत बघून ठेवा. व्हिएतनाममध्ये 20,000 आणि 5,00,000 डोंगच्या दोन्ही नोटा निळसर आहेत, अंधाऱ्या टॅक्सीत एकीच्या जागी दुसरी सहज जाते, आणि फरक पंचवीस पटीचा आहे.

प्रश्न: एअरपोर्टवर बदलावे का शहरात?

एअरपोर्टवर रेट बहुतेक वेळा वाईटच असतो, तेव्हा टॅक्सी आणि पहिल्या संध्याकाळीपुरते घ्या, बाकी शहरात बँकेच्या एटीएममधून. बँकेच्या म्हणजे शाखेच्या भिंतीतलं किंवा आतलं, शक्यतो शाखा चालू असताना, कारण कार्ड अडकलं तर आत जाऊन माणसाला सांगता येतं, शिवाय अशा मशीनवर चोरीचं यंत्र बसवणं पण अवघड. पिन टाकताना दुसऱ्या हाताने झाका. क्रेडिट कार्डने कॅश काढू नका, बहुतेक कार्डांवर त्याचं व्याज त्याच दिवसापासून चालू होतं.

आणि कार्ड चालेलच हे गृहीत धरू नका. रशियात मार्च 2022 पासून बाहेरच्या देशात दिलेली व्हिसा, मास्टरकार्ड चालत नाहीत, इराणमध्येही चालत नाहीत, तिथे सगळी कॅशच न्यावी लागते. इतर ठिकाणी पण दोन वेगळी कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा, एक पाकिटात, एक बॅगेत.

प्रश्न: माझ्याकडच्या 100 डॉलरच्या नोटा खऱ्या असून दुकानदाराने घेतल्या नाहीत, म्हणाला जुन्या आहेत. असं करू शकतो का तो?

अमेरिकेच्या दृष्टीने जुनी नोट चालूच आहे, पण दुसऱ्या देशातल्या चेंजरवर ती घ्यायची सक्ती नाही. टांझानिया, युगांडा अशा देशांत बऱ्याच ठिकाणी 2009 च्या आधीच्या सिरीजच्या (हे वर्ष नोटेवरच छापलेलं असतं) नोटा घेत नाहीत किंवा कमी रेट देतात, नकलीची भीती असते. म्यानमारमध्ये तर घडी पडलेली, पेनाची रेघ असलेली नोटसुद्धा परत करतात. त्यामुळे घेतानाच निळ्या पट्टीच्या घ्या, म्हणजे 2013 मध्ये आलेलं डिझाइन, कोऱ्या, आणि पुस्तकात सपाट ठेवून न्या, पाकिटात दुमडू नका. बऱ्याच देशांत 50 आणि 100 च्या नोटेला छोट्या नोटेपेक्षा रेट चांगला मिळतो, पण थोडे सुट्टेही ठेवा.

उलट प्रकारही होतो. घरात जुन्या ट्रिपचे पौंड पडलेत म्हणून घेऊन जाता, आणि 20 किंवा 50 पौंडांची कागदी नोट असेल तर ती दुकानात चालत नाही, 30 सप्टेंबर 2022 नंतर बंद झाली. बँक ऑफ इंग्लंड मात्र अजूनही बदलून देते.

प्रश्न: किती कॅश जवळ बाळगली तर चालते?

10,000 युरो किंवा जास्त घेऊन युरोपियन युनियनमध्ये शिरताना किंवा बाहेर पडताना कस्टम्सला सांगावं लागतं, अमेरिकेत 10,000 डॉलरच्या वर, आणि तिथे एकत्र फॉर्म भरणाऱ्या कुटुंबाची कॅश एकत्र धरतात. नेण्यावर बंदी नसते, न सांगण्यावर कारवाई होते. तुमच्या स्वतःच्या देशाची मर्यादा वेगळी असू शकते, ती बँकेत विचारून घ्या.

प्रश्न: उरलेल्या पैशाचं काय?

नाणी कोणी चेंजर घेत नाही, ती शेवटच्या दोन दिवसांत संपवायला लागा. नोटांचं देशावर अवलंबून आहे. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर न्यायला बंदी आहे, तो निघण्याआधी तिथेच परत बदलावा लागतो, आणि त्यासाठी आधी पैसे बदलल्याची पावती मागतात. तेव्हा पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या पावत्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवत जा, आणि सिक्युरिटीच्या आत गेल्यावर काउंटर असेलच असं नाही म्हणून चेक इनच्या आधीच बदलून घ्या.