जुनं हेवी मेटल संगीत नव्या मेटलपेक्षा सरस आहे का?
रिफच्या, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या सुरावटीच्या बाबतीत हो, जुनंच. बाकी बाबतीत मी एवढा ठाम नाही.

ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम १९७० चा. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. पठ्ठ्यानं प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. तो जड, खर्जातला आवाज असा घडला. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याच्या प्रेसवर काम केलेल्यांना हे जास्त कळेल.

नव्या मेटलबद्दल माझी तक्रार रेकॉर्डिंगची. पहिल्या सेकंदापासून सगळं सारखंच मोठ्यानं, कान शिणतात. पण ऐंशीच्या दशकातही भुक्कड बँड ढिगानं होते, ते आज कुणाला आठवत नाहीत, म्हणून जुनं सगळं सोनं वाटतं.

आणि दिल्लीचा ब्लडीवुड हा मेटल बँड ऐका. गिटारसोबत ढोल! गणपतीच्या मिरवणुकीत मेन रोडला नाशिक ढोलासमोर उभं राहिल्यावर छातीत जे धडधडतं ना, तेच मला हेडफोनवर झालं. आयोमी ऐकताना तसं कधी झालं नाही, खोटं कशाला बोलू.