एक स्पेलिंग सुधारलं आणि बिल्ड फेल!

प्रश्न : सर, मी खानापूरचा, बेळगावात इंजिनिअरिंगला आहे. एका ओपन सोर्स पायथन प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमधलं एक स्पेलिंग सुधारून पुल रिक्वेस्ट (माझा बदल घ्या अशी विनंती) टाकली तर डॉक्सचं बिल्ड (त्या मजकुराची वेबपानं तयार करणं) फेल दाखवूलाय. लॉग बघितला, ढीगभर ओळी आणि शेवटी नुसतं एक्झिट कोड २. दुसऱ्या कशाला हात पण लावलेला नाही. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे, पण काय बोलेनात. रिक्वेस्ट बंद करून टाकू काय?
— एक विद्यार्थी, खानापूर

उत्तर : बंद कशाला करतोस, थांब की जरा. आधी मेन ब्रँच, म्हणजे प्रोजेक्टची मूळ प्रत, जशी आहे तशी घे, कोरं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांसाठी वेगळी रिकामी जागा) कर, डॉक्सची रिक्वायरमेंट्स फाईल, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी, इन्स्टॉल कर आणि मेक एचटीएमएल ही डॉक्स बांधायची कमांड चालव. तिथंही फेल झालं तर तुझं स्पेलिंग सुटलं. कोरंच पाहिजे हां, कारण तुझ्या लॅपटॉपवर जुनी व्हर्जन्स पडलेली असतात आणि रिक्वेस्ट तपासणारा सर्व्हर बहुतेक वेळा सगळं नव्यानं उतरवून घेतो. कुंद्याची कृती तीच पण दूध रोज वेगळ्या गवळ्याचं, असा तो प्रकार.

त्यातनं काय होतं ते बघ. मार्च २०२२ मध्ये जिंजा या टेम्प्लेट लायब्ररीचं ३.१ आलं, त्यात काही जुनी फंक्शन्स काढून टाकलेली, आणि स्फिंक्स, म्हणजे डॉक्स बांधणारं टूल, त्याची जुनी व्हर्जन्स नेमकी तीच इम्पोर्ट करायची. ज्यांनी स्फिंक्स जुन्या व्हर्जनला बांधून ठेवलेलं पण जिंजा मोकळं सोडलेलं, त्यांची डॉक्स कुणी एक अक्षर न बदलता बंद पडली. स्फिंक्स वर नेणं हा खरा इलाज, जिंजा ३.१ च्या खाली बांधणं म्हणजे तात्पुरती पट्टी, पण रिक्वायरमेंट्समधल्या एका ओळीत काम होतं. तसंच रीड द डॉक्स या डॉक्स बांधून दाखवणाऱ्या साइटचं, २०२३ च्या सप्टेंबरपासून तिथं रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये) कॉन्फिग फाईल लागतेच, बरीच वर्षं कुणी न बघितलेले प्रोजेक्ट त्यातच अडकतात.

आता लॉग. एक्झिट कोड २ हे मेकचं रडगाणं, त्यात काही नाही. वर जा आणि पहिली एरर शोध, खालच्या बऱ्याचशा तिचीच पिलावळ असते. बऱ्याच प्रोजेक्टमध्ये स्फिंक्सला डॅश कॅपिटल डब्ल्यू लावलेलं असतं, म्हणजे साधी वॉर्निंग पण एरर धरली जाते. आणि इथं मात्र तुझ्या स्पेलिंगवर संशय घ्यायला जागा आहे बघ! ते हेडिंगमध्ये होतं काय? रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये, म्हणजे स्फिंक्सची डॉक्स लिहायच्या फॉरमॅटमध्ये, हेडिंगखालची रेघ हेडिंगपेक्षा आखूड चालत नाही, तू एक अक्षर वाढवलंस आणि रेघ तेवढीच ठेवलीस तर 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट' येणारच. शिवाय त्याच पानावर कुणी त्या हेडिंगच्या नावानं लिंक दिली असेल तर तीही तुटते. ऑटोडॉक, म्हणजे कोडमधनं डॉक्स काढणारा स्फिंक्सचा भाग, मॉड्यूल इम्पोर्ट करता आलं नाही म्हणत असेल तर ते निराळं, तो खरोखर कोड इम्पोर्ट करतो, सर्व्हरवर एखादी लायब्ररी नसली की अडतो. ती बसव, नाहीतर कॉन्फ डॉट पाय या स्फिंक्सच्या सेटिंग फाईलमध्ये मॉक (खोट्या) इम्पोर्ट्सच्या यादीत घाल.

दोष मेनचाच निघाला तर दुरुस्तीची रिक्वेस्ट वेगळी टाक, स्पेलिंगमध्ये मिसळू नकोस, आणि आधी कुणी इश्यू उघडलाय काय ते बघ. मेंटेनर बहुतेक फुकटात, रात्री जेवणं झाल्यावर काम करणारी माणसं असतात, त्यांना 'बिल्ड फेल होतंय' एवढंच सांगून भागत नाही, 'मेनवर पण फेल होतंय, पहिली एरर ही' असं लिहिलंस तर उत्तर लवकर येईल.

प्रश्न : आमच्या डॉक्सचं लिंकचेक (लिंका चालतात काय ते बघणारी स्फिंक्सची तपासणी) आज पास, उद्या फेल. लिंका तर ब्राउझरमध्ये उघडतात!
— एक वाचक, निपाणी

उत्तर : बऱ्याच साइट्स बॉटला ४०३ (मनाई) किंवा ४२९ (फार विनंत्या) देऊन हाकलतात, तुमची चूक नाही. त्या लिंका लिंकचेक इग्नोरमध्ये घाला, रिट्राय वाढवा, आणि मुळात ही तपासणी प्रत्येक पुल रिक्वेस्टला लावूच नका, आठवड्यातून एकदा वेगळी चालवा. दुसऱ्याचा सर्व्हर झोपला म्हणून तुमच्या पोरांचं काम कशाला अडवायचं?