पणजीचे जुने सचिवालय निओक्लासिकल आहे का?

मांडवीकाठचे जुने सचिवालय ही निओक्लासिकल, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन वास्तूंचा आदर्श ठेवणाऱ्या नवअभिजात शैलीची वास्तू आहे का आणि तिचा इतिहास काय, असे आपण विचारले आहे. ती त्या शैलीची नाही. हे विशेषण ज्या पोलीस मुख्यालयाला शोभते, ते तिथून पाच मिनिटांच्या अंतरावर आझाद मैदानाला लागून आहे.

जुने सचिवालय मुळात युसुफ आदिलशहाचा नदीकाठचा वाडा. 1510 मध्ये तो पोर्तुगीजांच्या हाती पडला आणि 1759 साली व्हाइसरॉयने जुन्या गोव्याकडची रोगराई टाळण्यासाठी आपला मुक्काम इथे हलवला. 1918 मध्ये हे निवासस्थान काबोला, म्हणजे आजचे राजभवन आहे तिथे, गेले. मुक्तीनंतर राज्यकारभार इथूनच चालला आणि 2000 साली पर्वरीचे संकुल उभे राहीपर्यंत विधानसभाही इथेच भरत असे. एवढ्या राजवटी पाहिलेल्या या वास्तूला उतरते कौलारू छप्पर आणि खिडक्यांच्या लांबलचक रांगा आहेत. तिच्या घडणीत ग्रीक मंदिरापेक्षा गोव्याच्या पावसाचा विचार अधिक दिसतो. ‘राजवाडा’ हा शब्द ऐकून आलेले माझे पाहुणे घुमट शोधत दोन वेळा तिच्यासमोरून पुढे निघून गेले आहेत, आणि त्यात त्यांची चूक आहे असे मला वाटत नाही.

आता आझाद मैदानाकडे वळू. 1830 च्या सुमारास व्हाइसरॉय असलेल्या दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू यांनी पणजीतील दलदल बुजवून सरळ रस्ते आखले आणि सैन्यासाठी मोठी बराक बांधून घेतली. तिच्यात आज पोलीस मुख्यालय आहे आणि एका टोकाला मिनेझिस ब्रागांझा ही सांस्कृतिक संस्था. 1755 च्या भूकंपानंतर लिस्बन शहर नव्याने बांधताना एकसारख्या दर्शनी भिंती व काटेकोर रांगा यांची जी आवड रुजली, तिचाच हा सौम्य वसाहती अवतार म्हणता येईल. साधारण त्याच काळात, 1833 मध्ये, मुंबईचा टाउन हॉल पूर्ण झाला. पण तिथे भव्य पायऱ्या आणि साध्या शिराचे डोरिक खांब पाहणाऱ्याला दबवतात, तर पणजीची बराक दोनच मजल्यांची, समान अंतरावरच्या खिडक्यांची आणि अलंकाराबाबत चिक्कू आहे. शैलीचे मर्म खांबांपेक्षा प्रमाणबद्धतेत असते, हे मला इथेच पटले. विद्यार्थिदशेत मी याच इमारतीतील मध्यवर्ती ग्रंथालयात जात असे आणि प्रवेशदालनातील निळ्या-पांढऱ्या फरशांवरील चित्रांपाशी हमखास रेंगाळत असे. वास्को द गामाच्या सफरीवरील महाकाव्याचे प्रसंग दाखवणारी ती चित्रे जॉर्ज कोलासो यांची असून 1935 मध्ये, म्हणजे इमारतीनंतर शतकभराने, तिथे बसवली गेली. तेव्हा त्यांना मूळ वास्तुशैलीचा भाग समजू नये.

आपल्याला खांबच पाहायचे असतील, तर मैदानातल्या मंडपाचे पाहावेत. शिरोभागी पानांची नक्षी असलेले ते कोरिंथियन खांब जुन्या गोव्यातील मोडकळीस आलेल्या डोमिनिकन चर्चचे असून 1847 मध्ये गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कच्या पुतळ्यासाठी इथे उभे केले गेले. तो पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. गंमत अशी की पणजीत सर्वांत ‘अभिजात’ दिसणारे हे खांब मुळात सोळाव्या शतकातले, म्हणजे नवअभिजात शैलीच्याही आधीचे आहेत.